जवळचा नंबर

“कान धरा! कान धरा कुणीतरी!” हेरंब सर ओरडले आणि म्हशीनं कान असा झटकला की शेणाचा एक शिंतोडा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, बरोबर खिशाखाली जाऊन बसला.

“धरलाय की,” म्हशीच्या मालकीण इंदुबाई म्हणाल्या. “तुमीच लांब हुबारलाय. जवळ या, खात न्हाई ती.”

सर जवळ गेले नाहीत. मान मागं आणि हात पुढं, अशा अवस्थेत त्यांनी मोबाइल म्हशीच्या कानासमोर नेला. गोठ्याच्या दारात दूध संघाचे अध्यक्ष इंगवले खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्या मागं अख्खी हेळेवाडी उभी होती. गावात कॉम्प्युटरवाले येऊन म्हशीचा फोटो काढणार म्हटल्यावर शेताला कोण जातंय?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते. खाली आइस्क्रीमचं दुकान, वर आम्ही. हेरंब सबनीस कंपनीचे मालक. फोटोतला बारकोड वाचणारं आमचं सॉफ्टवेअर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दुकानातल्या यंत्रानं बारकोड वाचणं सोपं असतं. लाल उजेड पडतो, टीं वाजतं, झालं. नुसत्या फोटोवरून वाचायचं म्हणजे फोटो येईल तसा पदरात घ्यायचा. तिरका असो, हललेला असो, सावलीतला असो. बिस्किटांच्या पुड्यांवर आमचं बरं चाललं होतं. पण बिस्किटाचा पुडा कान हलवत नाही, हे काम घेताना कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

काम संघाचं होतं. सभासदांच्या म्हशींचा विमा उतरवायचा होता, आणि प्रत्येक म्हशीच्या कानात बारकोडचा पिवळा बिल्ला काही वर्षांपूर्वीच मारलेला होता. संघाच्या माणसानं गोठ्यात जाऊन बिल्ल्याचा फोटो काढायचा आणि आमच्या सॉफ्टवेअरनं त्यावरून नंबर आणि मालकाचं नाव सांगायचं. ऑफिसात बसून आम्ही पहिले फोटो पाहिले तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. बिल्ले चिखलानं माखलेले, खांबाला घासून खरवडलेले, कानाबरोबर वाकून पोळीसारखे गुंडाळलेले. निम्मे बारकोड वाचताच येईनात.

“वाचता आलं नाही तर तसं सांगू दे ना सर त्याला,” मी म्हटलं होतं.

“ऋजुता, गिऱ्हाईक उत्तरासाठी येतं. ‘येत नाही’ हे ऐकायला त्याच्या घरी मुलं आहेत.”

सरांच्या तोंडून ‘माहीत नाही’ हे शब्द मी कधीच ऐकले नव्हते. रस्त्यात कुणी पत्ता विचारला तरी ते ठामपणे एक दिशा दाखवत. एकदा जोतिबाला निघालेलं एक कुटुंब त्यांच्या सांगण्यावरून गगनबावड्याच्या गाडीत बसलं होतं. तर सरांनी तोडगा काढला. बारकोड अर्धामुर्धा वाचला गेला, तर संघाच्या यादीतला त्याच्याशी सगळ्यात जवळचा नंबर उचलायचा आणि तोच उत्तर म्हणून दाखवायचा. मी वाद घातला, भांडले, रुसून डबा न खाता बसले. सरांनी त्या युक्तीला ‘जवळचा नंबर’ असं नाव देऊन टाकलं आणि अध्यक्षांना कळवलं की आमचं सॉफ्टवेअर कधीही रिकाम्या हातानं परत येत नाही.

आणि आता त्याची परीक्षा चालली होती. इथं जमलं तर सगळ्या तालुक्याचं काम आमचं होतं. नाही जमलं तर खालच्या आइस्क्रीमवाल्याला वरचा मजला हवाच होता.

मोबाइल टिंग वाजला. सरांचा चेहरा फुलला. स्क्रीन अध्यक्षांपुढं धरून त्यांनी खड्या आवाजात वाचलं, “मालकीण, फुलाबाई शंकर खोराटे! बघा साहेब, नावासकट!”

इंदुबाईंनी म्हशीचा कान सोडला.

“कोण?” त्या म्हणाल्या.

“फुलाबाई,” सरांनी पुन्हा उत्साहानं सांगितलं. “तुम्हीच ना?”

गोठ्याला लागून मातीची एक कमरेएवढी भिंत होती. तिच्या पलीकडून आवाज आला, “काय म्हनालं मशीन? परत म्हना!”

फुलाबाई म्हणजे इंदुबाईंची धाकटी जाऊ. दोघी एकाच मांडवात सुना होऊन या घरात आल्या होत्या. वर्षानुवर्षं एकाच गोठ्यात शेजारी बसून धारा काढल्या. मग घराची वाटणी झाली. मधे ही भिंत आली आणि पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबावरून असं काही बिनसलं की त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी शब्द बोलल्या नव्हत्या. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की उंच, काटक, साठीकडं झुकलेली एक बाई पदर खोचत दारातून आत आली आणि थेट म्हशीपाशी जाऊन उभी राहिली.

“मला म्हाईतच हुतं,” ती म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. “वाटणीच्या दिशी दावी बदलली. माजी म्हस तिकडं गेली आन तिची माज्या गळ्यात आली.”

“कुनी बदलली?” इंदुबाईंचा आवाज चढला. “नाव घे की! कुनी बदलली?”

“जिला फायदा झाला तिनं!”

“फुले, जीभ झडंल तुजी! रेडकू हुतं तवापास्नं ही माज्या हातानं खातीया!”

“मग मशीन काय खोटं बोलतंय व्हय? कोल्लापूरास्नं आलंय ते! त्याला काय तुजी भावकी लागून गेलीया?”

झालं. गाव दोन बाजूंना वाटलं गेलं. दोन्ही म्हशी एकाच आईच्या, अंगानं सारख्या, वाटणीच्या आधी एकाच दिवशी बिल्ले मारलेल्या. वाटणीपत्रात बिल्ल्यांचे नंबर होते, त्यामुळं बिल्ला सांगेल तेच खरं, असं एका म्हाताऱ्यानं ठरवून टाकलं. दुसऱ्यानं म्हशी अदलाबदल करून आजच बांधा म्हणून सांगितलं. इंदुबाईंनी म्हशीच्या गळ्याला मिठी मारली. महादू आणि शंकर हे दोघे भाऊ, म्हणजे या दोघींचे नवरे, खांबाला टेकून स्वतःच्या पायांचे अंगठे बघत होते.

“फुलाबाईंची म्हैस आणा ना,” मी म्हटलं. “तिचा बिल्ला वाचला की लगेच कळेल.”

“ती वड्याला डुंबायला गेलीया,” फुलाबाई झटकन म्हणाल्या. “बोलवून यायला काय पावनी हाय ती? आन मशीन बोललंय, आता तिचं काय काम?”

अध्यक्षांनी सरांकडं पाहिलं. “काय सबनीस? नंबर पक्का?”

सर माझ्याकडं बघत होते. बघत म्हणजे, डोळ्यांनी दटावत. मला तो नंबर दिसत होता. इंदुबाईंच्या म्हशीचा संघाच्या यादीतला नंबर आणि हा नंबर यात फक्त शेवटच्या दोन अंकांचा फरक होता. बिल्ला शेवटच्या टोकालाच वाकलेला होता. काय घडलं होतं ते मला दिवसाउजेडी दिसत होतं.

“पक्का म्हणजे...” सरांनी सुरुवात केली.

“पक्का नाही,” मी म्हटलं.

माझाच आवाज मला परका वाटला. सगळं गाव माझ्याकडं वळलं.

“यंत्रानं नंबर वाचलेला नाही,” मी सांगितलं. “निम्मा वाचला, उरलेला अंदाज मारला. ही म्हैस कुणाची, ते या फोटोवरून आम्हाला माहीत नाही.”

हेरंब सरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्ष खुर्चीत पुढं सरकले. “मग आमी तुमास्नी कशाला बोलवलंय, बाई?”

“मला दुपारपर्यंत वेळ द्या. अंदाज बंद करते. नीट वाचता आला तरच नंबर सांगेन, नाहीतर सांगणार नाही.”

“आणि नाही आला तर?”

“तर नाही आला म्हणून सांगेन.”

अध्यक्षांनी घड्याळात पाहिलं आणि संघाच्या माणसाला जेवणाचं विचारलं. तेवढाच मला होकार समजायचा होता.

मी लॅपटॉप उघडून वैरणीच्या ढिगावर बसले. सरांची युक्ती बंद केली आणि फोटोमागून फोटो काढत सुटले. समोरून, खालून, उन्हात, सावलीत. बिल्ला पुसायचा म्हटलं तर म्हैस कपाळानं ढकलायची. छापलेले आकडे तर केव्हाच घासून गेले होते, राहिल्या होत्या फक्त रेघा, त्याही वाकड्या. प्रत्येक फोटोला लॅपटॉप एकच उत्तर देई. वाचता आलं नाही. वाचता आलं नाही. दारातल्या बाया आधी कुजबुजत होत्या, मग त्यांना गंमत वाटायला लागली. मी बटण दाबलं की सगळ्या मिळून म्हणायच्या, “वाचता आलं न्हाई!” आणि हसायच्या. माझे कान तापले.

“ऋजुता,” सर शेजारी येऊन हळूच म्हणाले, “माझं काय चुकलं सांग. दोनातली एक म्हैस तर बरोबर येणारच होती.”

“सर, चुकीची आली ना.”

“तेवढं सोडून.”

जेवायला इंदुबाईंनी मला ओढूनच आत नेलं. भाकरी, पिठलं, वर लोणी. मी घास घेत होते आणि त्या त्वेषानं बंबाची गोष्ट सांगत होत्या. “माज्या माहेरचा बंब. वाटणीत मला यायचा. तर हिनं धरून ठेवला, सोडंना. मग आमच्या ह्यांनी काय केलं...” इथं त्या अडखळल्या, त्यांना एकदम भाकरी थापायचं सुचलं.

भिंतीपलीकडून लगेच आवाज आला. “सांग की पुढं! भावाला न इचारता भंगारात घातला, ते का गिळतीस?”

“तू कशाला धरून ठेवलावतास ते आदी सांग!”

यावर भिंतीपलीकडं भांडी घासण्याचा आवाज वाढला. थोड्या वेळानं इंदुबाईंनीच ते मला सांगितलं. थंडीत आपल्या सासूला आंघोळीला कढत पाणी लागायचं, आणि सासू फुलाबाईंकडं राहणार होती. असं करत, एक तुकडा इकडून आणि एक तिकडून, मला सगळी हकीकत मिळाली. जिला जिथं अडचण, तिथं ती गप्प व्हायची आणि नेमकं तेच दुसरी सांगायची.

माझा हात ताटातच थांबला.

बारकोडच्या रेघा उभ्या असतात. वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत त्या एकच गोष्ट सांगतात. मी प्रत्येक फोटोत बारकोडवरून एकच आडवी ओळ धरून वाचत होते, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. ती ओळ कुठंतरी चिखलात नाहीतर घडीत अडकायचीच. पण बिल्ल्याची वरची बाजू डावीकडं स्वच्छ होती आणि खालची उजवीकडं. मग एकाच ओळीनं शेवटपर्यंत जायचा हट्ट कशाला? जिथं वरची गप्प होते तिथून खालची घ्यायची. या फोटोत नसेल तर त्या फोटोतली घ्यायची.

मी उष्ट्या हातानं गोठ्यात पळाले. इंदुबाई मागून, “अगं ताक तर पी!” म्हणत आल्या.

ते काम ऑफिसात केलं असतं तर मी आठवडाभर लावला असता. तिथं वैरणीवर बसून, गावाच्या देखत, कसंबसं उरकलं. फोटोंच्या बारीक आडव्या पट्ट्या केल्या, वाकलेल्या पट्ट्या ताणून सरळ केल्या, आणि प्रत्येक रेघेसाठी जी पट्टी सगळ्यात स्पष्ट तिचं ऐकायचं ठरवलं. शेवटी तपासणीचा अंक होता. या बिल्ल्यांवरच्या बारकोडच्या शेवटी असा एक अंक असतो. बाकीच्या अंकांच्या हिशोबाशी तो जुळला नाही, तर वाचन चुकलं म्हणून समजायचं. मी बटण दाबलं. बाया सवयीनं म्हणाल्या, “वाचता आलं...” आणि थांबल्या.

स्क्रीनवर नंबर आला होता. तपासणीचा अंक जुळला होता. मी आणखी वेगळे फोटो घालून पुन्हा करून पाहिलं. तोच नंबर.

“इंदुबाई महादू खोराटे,” मी वाचलं.

इंदुबाई मटकन खाली बसल्या आणि म्हशीच्या पायाशी डोळे पुसायला लागल्या. गावानं असा काही गलका केला की म्हशीनं दावं ताणलं. अध्यक्ष उठून लॅपटॉपपाशी आले. त्यांना त्या नंबरात फारसा रस दिसला नाही.

“सकाळभर ते ‘वाचता आलं नाही’ म्हणत होतं, ते कुणी शिकवलं त्याला?”

“मी,” मी म्हटलं. आता हाकलून देतील, असं वाटलं.

“आमच्याकडं आणखी दोन कंपन्या येऊन गेल्या. त्यांची मशिनं सगळं सांगतात. आमचे संचालकबी सगळं सांगतात.” ते सरांकडं वळले. “सबनीस, हे नाही म्हणणारं मशीन आमास्नी पाहिजे. मात्र अंदाजाचं ते काढून टाका.”

“अहो, तेच तर आमचं वैशिष्ट्य आहे,” हेरंब सर लगेच म्हणाले. “खात्री नसेल तर आम्ही तोंड उघडत नाही. पहिल्यापासून तेच धोरण.” शर्टावरचा डाग हातानं झाकून ते अध्यक्षांबरोबर जीपकडं निघाले. त्यांच्या चालीत असा रुबाब होता की क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

गर्दी पांगली. फुलाबाई केव्हाच निघून गेल्या होत्या. मला त्यांचं वाईट वाटत होतं. सगळ्या गावादेखत खोटं पडल्यावर माणसाला कसं वाटत असेल? शिवाय त्यांच्या म्हशीची नोंद राहिली होती. मी फिरून त्यांच्या दारातून आत गेले.

म्हैस ओढ्यावरून परत आली होती, अंगावरून पाणी निथळत होतं. कानातला बिल्ला इतका लख्ख होता की पहिल्याच फोटोत नंबर आला. फुलाबाई शंकर खोराटे.

“तुमचीच आहे,” मी चाचरत म्हटलं. “सकाळी आमच्या यंत्रामुळं उगाच तुमची...”

“माजी हाय ते मला म्हाईत न्हाई व्हय?” फुलाबाई म्हणाल्या. त्या पाटीत पेंड भिजवत होत्या, मान वर न करता. “वाटणीच्या दिशी म्याच सोडून आणली न्हवं हिला. या हातानं बांधली या खुंटाला.”

मला काही कळेना. “मग सकाळी ते... दावी बदलली म्हणून...”

त्यांनी भिंतीकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“चार वरसं झाली पोरी. समोरनं जाती, पर बोलत न्हाई. सासू गेली तवा बी बोलली न्हाई, नुसती रडली, तिकडं तोंड करून. म्या दोनदा दारात जाऊन आले, दार लावलेलं. कसं बोलायचं मग? कारन तर पायजे का न्हाई? आन आज तुजं मशीन माजं नाव घेऊन आलं.” त्या हसल्या, दात नसलेल्या कोपऱ्यातून. “भांडायला तरी तोंड उघडावंच लागतं की. ‘फुले’ म्हनाली ती मला. ऐकलंस न्हवं? फुले म्हनाली.”

मी म्हशीची नोंद पूर्ण केली आणि मोबाइल पिशवीत टाकला.

इतक्यात भिंतीपलीकडून इंदुबाईंचा आवाज आला. तापलेला, भांडणाच्या पट्टीतला. “ए फुले! तोंड वाजवून गेलीस सकाळी, जेवलीस का न्हाईस?”

फुलाबाईंनी पेंडीचे हात लुगड्याला पुसले. “न्हाई जेवले!” त्या तेवढ्याच जोरात ओरडल्या. “तुज्यामुळंच ऱ्हायलंय!”

“मग ये की मर! भाकरी काय तिकडं फेकू?”

बाहेरून वळसा घालून जायला दार होतं. पण मी पाहिलं तर फुलाबाई पदर कमरेला घट्ट खोचून, एक पाय गव्हाणीवर ठेवून, भिंतच चढत होत्या.